तातडीची गर्भनिरोधक गोळी: आमच्या मेडिकलच्या काउंटरवर येणारे प्रश्न

कर्वेनगरमध्ये आमचं मेडिकल आहे. एकवीस वर्षं मी त्या काउंटरच्या मागे उभी आहे. या गोळीची विक्री रोज होते, पण जिला ती घ्यायची असते ती स्वतः फार क्वचित दुकानात येते. नवरा येतो, मित्र येतो, हॉस्टेलवरची रूममेट येते. दुकानात दुसरं कोणी असलं तर आधी खोकल्याच्या गोळ्या मागतात, मग मोबाइलवर नाव टाइप करून स्क्रीन माझ्याकडे वळवतात. गोळी कागदी पिशवीत जाते, पिशवी खिशात. आतला घडी घातलेला माहितीचा कागद वाटेतच गळतो. घरी तिच्या हातात पडते ती नुसती गोळी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारतात, ही पद्धत तुम्ही ऐकली आहे का. नाव तर आता पुष्कळ जणींनी ऐकलंय. पण कधी घ्यायची, ती काय करते, काय करत नाही, हे विचारायला जागाच नसते. म्हणून काउंटरवर दबक्या आवाजात आलेले प्रश्न इथे मोठ्याने लिहिते आहे.

काकू, ही गोळी म्हणजे नेमकं काय असतं?

लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं संप्रेरक (हार्मोन), दीड मिलिग्रॅम, एकच गोळी. काही पाकिटांत पाऊण-पाऊण मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या असतात, त्या दोन्ही एकदम घेतल्या तरी चालतात. आय-पिल, अनवॉन्टेड सेव्हन्टी टू ही कंपन्यांची नावं, आतलं औषध एकच. सरकारी दवाखान्यात मिळते तिला ईझी पिल म्हणतात, तीही हीच. किंमत जास्त म्हणून असर जास्त असं काही नाही.

ती रोजची गोळी नव्हे. संबंध आला, निरोध (कंडोम) फाटला किंवा वापरलाच नव्हता, रोजच्या गोळ्या दोन-तीन दिवस राहून गेल्या, दर तीन महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनची तारीख महिन्याहून जास्त उलटली, तांबी (गर्भाशयात बसवायचं तांब्याचं साधन) सरकली, 'बाहेर काढायचं' ठरलं होतं आणि जमलं नाही, अशा वेळी वापरायची ही गोळी आहे.

पाकिटावर ७२ तास लिहिलंय. म्हणजे तीन दिवस निवांत आहे ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान या एका गैरसमजाने होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

७२ तास ही शेवटची हद्द आहे. त्या हद्दीपर्यंत असर सारखाच राहतो असं नाही, तो तासागणिक उतरत जातो. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळी पहिल्या २४ तासांत घेतली तर जेवढ्या गर्भधारणा होणं अपेक्षित होतं त्यातल्या सुमारे ९५ टक्के टळल्या. दुसऱ्या दिवशी घेतल्यावर ८५ टक्के, तिसऱ्या दिवशी ५८ टक्के. नंतरच्या अभ्यासांत आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, पण लवकर घ्यावी हे सगळीकडे तेच.

शनिवारी रात्रीची गोष्ट असेल तर ७२ तास मंगळवारी रात्री भरतात. पण 'सोमवारी ऑफिसहून येताना घेऊन येतो' यात पहिले, सगळ्यात मोलाचे २४ तास हातचे जातात. रविवारी सकाळी दुकानं उघडी असतात. दूधवाला येऊन गेला की आमचंही शटर वर जातं.

तीन दिवस उलटले असतील तर पाचव्या दिवसापर्यंत गोळीचा थोडा उपयोग होऊ शकतो, पण भरवसा कमी. तोपर्यंत त्याहून कितीतरी खात्रीचा दुसरा उपाय आहे. त्याबद्दल पुढे तांबीच्या प्रश्नात लिहिलंय. तिथपर्यंत नक्की वाचा, कारण पाचव्या दिवशीसुद्धा हातात काही उरतं, हे मी सांगेपर्यंत एकीलाही माहीत नव्हतं.

गोळी घेतली म्हणजे मूल पाडलं असं होतं का?

नाही होत. हा प्रश्न विचारताना बायकांचे डोळे भरतात, म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारण सांगते.

संबंध आला त्याच क्षणी दिवस राहत नाहीत. पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. बाईचं बीज महिन्यातून एकदा, साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी अंडाशयातून बाहेर पडतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं. या दोघांची गाठ पडली तरच पुढचं सगळं. गोळी काय करते, तर बीज बाहेर पडणं लांबवते. तोवर आत वाट पाहणारी पुरुषबीजं संपून जातात. गाठच पडली नाही तर पाडायचं काय?

घाई का करायची तेही यातूनच कळतं. बीज सुटायची तयारी शरीरात एकदा सुरू झाली की ही गोळी ती थांबवू शकत नाही. म्हणून वेळेवर घेऊनसुद्धा काही जणींना दिवस राहतात. त्यात त्यांची चूक नसते, त्या महिन्यात बीज आधीच निघालेलं असतं.

दिवस आधीच राहिलेले असतील आणि चुकून गोळी घेतली, तर ती गर्भ पाडत नाही आणि बाळाला अपायही करत नाही.

आमच्या घरी 'पाळीची गोळी' असतेच, तीच घेतली तर?

गणपती-गौरीच्या आधीचा आठवडा आमच्याकडे कसा असतो ते सांगायला हवं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची पट्टी घरोघर जाते. गौरी जेवायला बसवायच्या असतात, सत्यनारायण असतो, कुणाच्या घरचं लग्न असतं. त्या पट्टीतल्या चार-सहा गोळ्या उरतात, देवघराच्या नाहीतर ओट्याच्या खणात राहतात. पुढे कधीतरी घाबरलेल्या रात्री तीच पट्टी हाताशी येते. 'पाळीची गोळी आहे ना, मग चालेल.'

चालत नाही. ती नॉरेथिस्टेरॉन. ती पाळी लांबवते, पण तिने तुमचा धोका टळत नाही. उलट पाळी लांबली की दिवस राहिलेत की गोळीमुळे उशीर झालाय हेच कळेनासं होतं, आणि त्या गोंधळात आठवडे जातात. गौरीच्या दिवसांत गोळ्या चालू असताना संबंध आला, 'गोळी चालूच होती' म्हणून ती निर्धास्त राहिली, आणि दसऱ्याला पोट राहिल्याचं समजलं, असं मी माझ्या डोळ्यांसमोर पाहिलंय.

एकाच 'गोळी' या शब्दाखाली चार वेगळी औषधं फिरतात. पाळी पुढे ढकलायची ही एक. दुसरी माला-एन किंवा तिच्यासारखी रोजची गर्भनिरोधक गोळी, २१ गोळ्या संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या. तिसरी आपली ही तातडीची. चौथी म्हणजे ज्याला सगळे नुसतं 'किट' म्हणतात ती गर्भपाताची औषधं, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल.

किटबद्दल कळकळीने सांगते. ती दिवस राहिल्यावर, नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि देखरेखीखाली घ्यायची असते. तातडीची गोळी मागायला आलेल्या मुलाने नीट सांगितलं नाही, समोरच्यानेही नीट विचारलं नाही, आणि भलतंच पाकीट घरी गेलं, असं होऊ शकतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला दुसऱ्या एका दुकानातून असंच किट मिळालं होतं. पाळी चुकायच्या आधीच ती घेऊन बसली आणि चार दिवस रक्त जात राहिलं. म्हणून पाकिटावर लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे नाव वाचल्याशिवाय गोळी तोंडात टाकू नका.

गावाला आहे, मेडिकल पंधरा किलोमीटरवर. घरात फक्त माला-एन आहे.

दुसरं काहीच मिळण्यासारखं नसेल तर जुना एक मार्ग आहे. माला-एनच्या संप्रेरकाच्या चार गोळ्या आत्ता आणि बरोबर १२ तासांनी पुन्हा चार. रंगाने वेगळ्या असलेल्या सात लोहाच्या गोळ्या यात धरायच्या नाहीत. याने मळमळ-उलटी जास्त होते आणि असरही तातडीच्या गोळीपेक्षा कमी. पण काहीच न करण्यापेक्षा बरं. ज्यांना रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकार किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकणारी अर्धशिशी झालेली आहे, त्यांनी आशाताईंना किंवा डॉक्टरांना फोन करूनच हे करावं.

गोळी घेतली आणि उलटी झाली.

दोन-तीन तासांच्या आत झाली असेल तर दुसरी गोळी लगेच घ्या. त्यानंतर झाली असेल तर औषध अंगात गेलेलं आहे. उपाशीपोटी घ्यायची असा काही नियम नाही, पोहे-उपमा खाऊन घेतली तरी चालते.

मळमळ, डोकं जड, स्तन दुखतायत. काही गंभीर आहे का?

बहुधा नाही. एक-दोन दिवसांत उतरतं. थकवा येतो, पोटात हलकं दुखतं, मधेच डाग दिसतो. पण पुढच्या काही आठवड्यांत एका बाजूला ओटीपोटात जोरात कळ आली, चक्कर आली, खूप रक्त गेलं तर थांबू नका, दवाखान्यात जा. गर्भ नळीत राहिला असेल तर ते जिवावर बेततं. गोळीमुळे तसं होतं असं नाही, पण गोळी घेतली म्हणून ते होणारच नाही असंही नाही.

चार दिवसांनी थोडं अंगावर गेलं. पाळी आली, सुटले ना?

ते अंगावर जाणं पाळी असेलच असं नाही. गोळीनंतर मधेच डाग पडतात, आणि त्यालाच पाळी समजून बायका निश्चिंत होतात. खरी पाळी नेहमीच्या तारखेच्या आठवडाभर आधी किंवा नंतर येऊ शकते. तारखेनंतर आठवडा उलटला, किंवा आली पण नेहमीपेक्षा अगदीच कमी आली, तर लघवीची तपासणी करा. सगळ्यात पक्कं म्हणजे त्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी. सरकारी दवाखान्यात 'निश्चय' नावाचं किट फुकट मिळतं.

एक गोळी घेतली की महिनाभर काळजी नाही, असं मैत्रीण म्हणाली.

मैत्रिणीला हे वाचायला द्या. गोळीने बीज सुटणं लांबतं, म्हणजे ते नंतर सुटणारच आहे. गोळी घेतल्यावर दोन-चार दिवसांनी पुन्हा असुरक्षित संबंध आला तर त्या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता खरीखुरी असते. त्या दिवसापासून पुढे निरोध वापरा. रोजची गोळी सुरू करायची असेल तर दुसऱ्याच दिवशी सुरू करता येते, फक्त पहिले सात दिवस सोबत निरोध हवा.

दर महिन्याला दोन-तीनदा घेतली तर मूल होणार नाही पुढे?

पुढे मूल होण्यावर परिणाम होत नाही. गर्भाशय 'खराब' होत नाही, वांझपण येत नाही. एकाच महिन्यात दोनदा घ्यावी लागली तरी घेऊ नये असं नाही. धोका पत्करण्यापेक्षा गोळी बरी.

पण मला या प्रश्नामागचं घर दिसतं. एक गृहस्थ जवळजवळ दर सोमवारी गोळी नेत असत. एकदा मी विचारलं, घरच्यांना काही त्रास होतो का? म्हणाले, पाळीचं काही खरं नाही हो तिच्या, सारखं अंगावर जातं. मी म्हटलं, एकदा त्यांनाच घेऊन या. त्या आल्या, तिसऱ्या आठवड्यात. तोवर गोळीचा कागद त्यांनी पाहिलाच नव्हता, 'हे सांगतात म्हणून घेते' एवढंच. त्यांना निरोध नको होता असं नाही, नवऱ्याला नको होता. दर आठवड्याला संप्रेरकाचा मोठा डोस त्या गिळत होत्या, आणि रोजच्या गोळीइतकी खात्रीही त्यात नव्हती. मी त्यांना जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तांबी बसवून आल्या.

वारंवार घ्यावी लागत असेल तर गोळी चुकीची नाही, पद्धत चुकीची आहे. पाळणा लांबवायला रोजची गोळी आहे, आठवड्याची 'छाया' आहे, तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आहे, तांबी आहे. सगळं सरकारी दवाखान्यात मोफत. आणि निरोध आहे, जो याशिवाय गुप्तरोग आणि एचआयव्हीपासूनही वाचवतो. तातडीची गोळी त्यापासून वाचवत नाही.

माझं वजन जास्त आहे. फरक पडतो का?

पडू शकतो. वजन ७० किलोच्या पुढे असेल तर असर कमी होण्याची शक्यता असते. म्हणून घेऊ नका असं नाही. घ्या, आणि शक्य असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी दुप्पट मात्रेबद्दल किंवा तांबीबद्दल बोला.

बाकी काही औषधं चालू असतील तर?

टीबीचं रिफॅम्पिसिन (ज्याने लघवी नारिंगी होते), फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपाइन, फिनोबार्बिटोन, एचआयव्हीची काही औषधं. यांनी गोळीचा असर कमी होतो. ही औषधं बंद होऊन महिना झालेला नसेल तरीही. अशा वेळी तांबी सगळ्यात चांगली, नाहीतर डॉक्टर दोन गोळ्या एकदम घ्यायला सांगतात. टीबीच्या औषधाचं घरच्यांपासूनही लपवणाऱ्या मुली असतात. पण मेडिकलवाल्याला सांगा. आम्हाला ते माहीत असणं फार गरजेचं आहे.

साध्या प्रतिजैविकांनी, थायरॉइडच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांनी फरक पडत नाही.

बाळ चार महिन्यांचं आहे, दूध पाजतेय. दूध पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत ना? आणि गोळी घेतली तर बाळाला?

बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलींना आया-आज्या हे सांगूनच सासरी पाठवतात. त्यात तथ्य आहे, पण तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी अजून आलेली नाही, आणि बाळ दिवसा-रात्री फक्त आईच्या दुधावर. वरचं दूध सुरू झालं, रात्री बाळ सलग झोपायला लागलं, एकदा पाळी आली, की हा आधार गेला. आणि पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं, म्हणून कित्येकींना पाळी न येताच दुसऱ्यांदा दिवस राहतात.

लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी दूध पाजणाऱ्या आईला चालते. दूध आटत नाही, बाळाला त्रास होत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत ती घ्यायची गरजच नसते.

पपई, अननस, तीळ-गूळ, ओव्याचा काढा?

नाही. खाऊन काही होत नाही. लगेच लघवीला जाणं, धुणं, उड्या मारणं, यानेही नाही. काढा उकळण्यात जो वेळ जातो तो मात्र परत येत नाही.

तांबी तर बाळंतपणानंतर बसवतात. ती तातडीचा उपाय कशी?

तांब्याची तार असलेलं ते छोटंसं साधन, म्हणून आपल्याकडे सगळ्या बायका त्याला तांबीच म्हणतात. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत ती बसवली तर ९९ टक्क्यांहून जास्त वेळा गर्भधारणा टळते. वजनाने, टीबीच्या औषधाने फरक पडत नाही. आणि तीच पुढे पाच किंवा दहा वर्षं, जशी असेल तशी, काम करत राहते. हवी तेव्हा काढता येते. मूल न झालेल्या बाईलाही बसवता येते.

एका बुधवारी दुपारी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुलगी आली होती. शनिवारची गोष्ट. तीन दिवस ती अभ्यासिकेत बसून नुसती इंटरनेटवर वाचत होती. ७२ तास उलटले म्हणून आता काही उपाय नाही असं धरून, रडून, मग नुसतं विचारायला आली. मी तिला तिथूनच रिक्षात बसवून डॉक्टरांकडे पाठवलं. चौथा दिवस होता. तांबी बसली. परीक्षेनंतर ती पेढे घेऊन आली होती, मुख्य परीक्षेचे.

पुण्यात सरकारी दवाखान्यात कुठे मिळेल?

ससून, महापालिकेचं मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय, पालिकेची प्रसूतिगृहं, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीत वायसीएम. कुटुंबनियोजनाचा किंवा स्त्रीरोगाचा बाह्यरुग्ण विभाग विचारायचा. गोळी, तांबी, सल्ला, सगळं मोफत. मुळशी, भोर, वेल्हे इकडच्या गावांत प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि आशाताई. आशाताईंकडच्या गोळीचे दोन रुपये ठरलेले आहेत. ओपीडीच्या वेळा सकाळच्या असतात, त्यामुळे रात्र झाली असेल तर पैशांचा विचार न करता मेडिकलमधून घ्या.

लग्न झालेलं नाही. चिठ्ठी मागतील? नाव लिहून घेतील?

या गोळीला २००५ पासून डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. लग्नाचं विचारायचा कोणाला अधिकार नाही. कोणी तोंड वाकडं केलं, उपदेश केला, तर पुढच्या दुकानात जा. या धंद्यातल्या माझ्याच लोकांबद्दल हे लिहायला मला वाईट वाटतं, पण तसे आहेत. वाद घालण्यात वेळ घालवू नका, तुमचे तास त्यांच्या मतापेक्षा मोलाचे आहेत.

लाज वाटते, हे मला कळतं. पण आमच्या भागाला ज्यांचं नाव आहे त्या महर्षी कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या. मागे राहिलेला नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे रघुनाथ. त्याने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि या कामापायी त्याला कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. पुण्याच्या शकुंतला परांजपे यांनी १९३८ पासून हेच काम केलं, पुढे त्या राज्यसभेतही गेल्या. त्या काळी लोक त्यांना काय काय बोलले असतील. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणून आज आपल्याला दुकानात जाऊन एक नाव उच्चारता येतं.

वय १७ आहे.

औषध म्हणून गोळी या वयातही सुरक्षित आहे. कायद्याचं वेगळं: १८ वर्षांखालच्या मुलीशी संबंध हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा धरतात, आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. म्हणून मुली डॉक्टरांकडे जात नाहीत आणि उशीर होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलंय की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपाताच्या वेळी असं कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव उघड करायची गरज नाही. कोणीतरी एक मोठं माणूस विश्वासात घे. आई नसेल तर मावशी, शाळेतल्या बाई. कोणी जबरदस्ती करत असेल तर १०९८ वर फोन कर.

जबरदस्ती झाली आहे. आधी पोलिसांत जायचं की दवाखान्यात?

दवाखान्यात. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अत्याचार झालेल्या बाईला ताबडतोब आणि मोफत उपचार द्यायचे, हा कायदा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. तक्रार दाखल नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, नाकारले तर तो गुन्हा आहे. तातडीची गर्भनिरोधक गोळी, एचआयव्ही टाळायची औषधं (तीही ७२ तासांच्या आत), जखमांवर उपचार, सगळं एकाच वेळी मागा. शक्य असेल तर आंघोळ न करता, कपडे न धुता जा, पण आंघोळ झाली असेल तरी जाच. १८१ आणि ११२ हे नंबर चोवीस तास चालू असतात. हा नियम नवऱ्याने जबरदस्ती केली असेल तर लागू होतो का, असंही मला विचारतात. गोळी आणि उपचार मिळायला त्याने काही फरक पडत नाही. तुम्ही या.

सगळं करूनही दिवस राहिले तर?

ठेवायचं असेल तर गोळी घेतली होती म्हणून घाबरू नका, बाळाला त्याने काही होत नाही.

नको असेल तर गर्भपात कायदेशीर आहे. १९७१ चा कायदा, २०२१ मध्ये सुधारलेला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, काही कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या. गर्भनिरोधक फसलं हे कायद्यातच लिहिलेलं कारण आहे, आणि लग्न झालेलं असण्याची अट आता नाही. सज्ञान बाईला नवऱ्याची, सासूची, कोणाचीच सही लागत नाही, तिची स्वतःची पुरते. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मान्यताप्राप्त केंद्रातच जा, आणि लवकर जा. इथेही पहिले आठवडे सोपे असतात.

मी तिच्यासाठी घेऊन जातोय. मला काय माहीत असायला हवं?

विचारलंस हेच फार झालं. तिला कधीची गोष्ट आहे ते विचार आणि तास मोज. तिला टीबीचं, फिट्सचं औषध चालू आहे का ते विचार. गोळी पाकिटासकट, कागदासकट तिच्या हातात दे. तिने घ्यायची की नाही हे तिला ठरवू दे. मळमळलं तर घरातलं काम त्या दिवशी तू कर. आणि जाताना निरोधचं पाकीट घेऊन जा, ते काउंटरच्या डाव्या बाजूलाच असतं.

मेडिकलवर जाऊन नेमकं काय म्हणायचं? माझ्या तोंडातून शब्दच फुटत नाही.

हे वाक्य पाठ करा, किंवा चिठ्ठीवर लिहून द्या: 'तातडीची गर्भनिरोधक गोळी द्या. लेव्होनॉर्जेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम.' एवढंच. कोणासाठी, का, काही सांगायचं नाही. हातात आली की नाव वाचा, मुदतीची तारीख बघा, पाकिटावरची किंमत बघा. एका गोळीला साधारण शंभर रुपयांच्या आसपास पडतात, त्याहून फार जास्त कोणी मागत असेल तर देऊ नका. पाणी मागा. आम्ही ग्लास भरून ठेवतो, काउंटरवरच घेतली तरी चालते.